जायचे मैल, यायचे मैल

उमरग्याला हायवेच्या कडेला ताडपत्रीचं एक दुकान आहे. मी तिथं राहायचो तेव्हा त्या दुकानात रोज एक प्रयोग चाले. साठी ओलांडलेला एक धिप्पाड गृहस्थ स्टुलावर बसायचा, नवी कोरी ताडपत्री डोक्यावरून ओढून घ्यायचा आणि आतून ओरडायचा, "वता पाणी!"

समोर गिऱ्हाईक उभं असायचं, हातात दुकानाचीच भरलेली बादली घेऊन. बहुतेक वेळा हैदराबादकडं निघालेला ट्रकवाला. तो बिचारा संकोचायचा. एवढ्या वयस्क माणसाच्या डोक्यावर पाणी कसं ओतायचं?

"वता की! लाजता कशाला? माल तुम्हाला घ्यायचाय का मला?"

मग धबाधब पाणी पडायचं. खालून तो गृहस्थ बाहेर यायचा, डोक्यावरची पांढरी जाळीची टोपी काढून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. "बघा दाबून. कोरडी हाय? मग न्या."

हे माझे घरमालक. सगळा गाव त्यांना चाचा म्हणायचा, मीही म्हणू लागलो. मी तेव्हा उमरग्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवत होतो, म्हणजे खरेदी-विक्रीचं शास्त्र. आणि राहायला होतो अशा माणसाच्या माडीवर, ज्याच्या दुकानात त्या शास्त्रातलं एकही कलम लागू होत नव्हतं.

त्यांच्या गल्ल्याच्या वर एक पाटी होती : "भाव एकदाच सांगितला जाईल." कुणा खोडकर ड्रायव्हरनं तिच्याखाली खडूनं लिहिलं, "ऐकू आला नाही तर?" चाचांनी ते पुसलं नाही. पेंटरला बोलावून त्याच्याखाली रंगवून घेतलं : "तर पुन्हा सांगू. तोच."

कुणी घासाघीस सुरू केली की चाचा रागवत नसत. ताडपत्री हळूहळू घडी करून फळीवर ठेवत आणि चहा मागवत. "घ्या, चहा घ्या. सौदा संपला. दोस्ती चालू हाय." मी स्वतः तो चहा प्यायलो आहे. पहिल्यांदा खोली बघायला गेलो तेव्हा भाडं ऐकून मी सवयीनं म्हणालो, "थोडं कमी करा ना चाचा." त्याबरोबर चहा आला. मला वाटलं, काय आतिथ्य! चहा संपवून मी विचारलं, "मग सामान कधी आणू?" चाचा म्हणाले, "कुठलं सामान? खोली न्हाय आता."

मी सगळं उमरगा पालथं घातलं. कुठं संडास सामाईक, तर कुठं खोलीच्या खिडकीखाली टायर रिमोल्डिंगचा कारखाना. आठवड्यानं मान खाली घालून परत आलो. चाचांनी तेच भाडं सांगितलं, मी हो म्हणालो, आणि त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. त्या दिवशी चहा मात्र मिळाला नाही.

पुढं एका उन्हाळ्यात बोअरचं पाणी आटलं. आठवडाभर टँकरवर निभावलं. महिन्याच्या शेवटी मी भाडं द्यायला गेलो तर चाचांनी त्यातल्या काही नोटा बाजूला काढून परत केल्या. मी म्हटलं, "अहो, मी काही बोललो का?" ते म्हणाले, "तुम्ही बोलला असता तर दिलेच नसते. माल कमी दिला, दाम कमी घेतो. ही सूट न्हाय मास्तर, हा हिशेब हाय."

सूट या शब्दाचा त्यांना मनापासून तिटकारा. सणासुदीला बाजारात सेलचे फलक लागले की चाचांचा चेहरा दाढ दुखत असल्यासारखा व्हायचा. "चाळीस टक्के सूट! म्हंजी काल जो घेऊन गेला त्याला चाळीस टक्क्याला बुडवलं की! त्या कालच्या माणसाला जाऊन तोंड कसं दाखवणार हे?" मी त्यांना मागणी, पुरवठा, हंगाम, मालाचा साठा असं पुष्कळ समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मास्तर, हे तुम्ही पोरांना शिकवता? त्यांच्या आईबापांना म्हाईत हाय?"

एका ईदला मी त्यांच्यासाठी सोलापुराहून सदरे आणले. एकावर एक फुकट होता, म्हणून सदरे दोन, एक निळा, एक पांढरा. चाचांना ते आवडले. कापड बोटांत धरून बघितलं, उजेडाकडं धरलं. मग माझी बुद्धी फिरली आणि मी कौतुकानं ती योजना सांगितली. चाचांनी दोन्ही सदरे गादीवर शेजारी-शेजारी ठेवले.

"यातला पैशाचा कुठला?"

"म्हणजे?"

"एकाचे पैसे दिले ना तुम्ही? तो कुठला? आन् फुकटचा कुठला?"

मी गोंधळून निळ्यावर बोट ठेवलं. चाचा ईदच्या नमाजाला निळा घालून गेले. पांढऱ्याचं काय झालं ते विचारायची हिंमत मला झाली नाही.

आता थोडं माझ्याविषयी सांगायला हवं. त्या काळात मला विमानाच्या मैलांचं वेड लागलं होतं. ज्यांना हे वेड नाही त्यांच्यासाठी सांगतो : विमान कंपन्या आपल्या गिऱ्हाइकाला बक्षीस म्हणून मैल देतात. ते साठले की त्यांच्या बदल्यात तिकीट मिळतं. साठत नसतील तर कंपनी ते विकतही देते. आणि अधूनमधून सेल लावते : इतके मैल घ्या, वर तितकेच फुकट. मी क्रेडिट कार्डावर किराणा भरायचो, रिचार्ज करायचो, सहकाऱ्यांची विजेची बिलंसुद्धा मागून घेऊन भरायचो आणि स्टाफरूममध्ये याच विषयावर व्याख्यानं द्यायचो.

या विद्येनं मला काय दिलं तेही सांगून टाकतो. एकदा मी हैदराबादहून गोव्याला फुकटच्या तिकिटानं गेलो. ते तिकीट दिल्लीमार्गे होतं. त्याच दिवशी गोव्याला निघालेला आमचा इंग्रजीचा सहकारी सोलापुराहून बसनं गेला. मी पोचलो तेव्हा तो समुद्रावरून अंघोळ करून परतला होता आणि मला विचारत होता, "दिल्लीला थंडी होती का?" दुसऱ्यांदा मी अशाच एका सेलमध्ये भरपूर मैल विकत घेऊन ठेवले. कुठं जायचं ते नंतर ठरवू म्हटलं. ठरवेपर्यंत हवी ती जागा कधी मिळालीच नाही आणि मैलांची मुदत संपत आली. वाया जाऊ नयेत म्हणून शेवटच्या दिवशी त्यांच्या बदल्यात एक सँडविच टोस्टर मागवला. माझ्या अंदाजानं मराठवाड्यातला तो सर्वांत महाग टोस्टर असावा. एका बाजूनंच भाजतो.

असा मी तज्ज्ञ.

चाचांच्या घरात दुसरं माणूस म्हणजे त्यांची मोठी बहीण, आपा. आई लवकर गेली. वडील कामासाठी बाहेरगावी जायचे, ते पुढं परतलेच नाहीत. आपांनी या भावाला वाढवलं. तेव्हा ताडपत्र्या घरी शिवायच्या असत. जमिनीवर मांडी घालून, जाड कापडात दाभण खुपसून, कडेनं सुतळी ओवत आपांनी वर्षानुवर्षं ताडपत्र्या शिवल्या आणि त्यातून भावाला दुकान उभं करून दिलं. दुकान उभं राहिलं, आपांचे गुडघे मात्र बसले. मी पाहिलं तेव्हा त्या दिवाणावर पाय लांब सोडून बसलेल्या असत आणि तशाही अवस्थेत दोरांना गाठी मारत असत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की पाय लटकते ठेवून तासन् तास बसायचं नाही, सूज चढते. नळदुर्गला एका लग्नाला त्या पिकअपमध्ये मागं गादी टाकून, आडव्या होऊन गेल्या. वर अर्थातच चाचांची ताडपत्री. वऱ्हाडी म्हणाले, नवरीपेक्षा आपांची वरात भारी.

आपांची एकच इच्छा राहिली होती : मक्केला जाऊन उमराह करायची. हज नाही जमली, तर वर्षात कधीही करता येते ती ही छोटी यात्रा तरी. पासपोर्ट तयार होता, पैसे चाचांनी कधीचे बाजूला ठेवले होते. अडलं होतं ते गुडघ्यांवर. विमानातल्या साध्या खुर्चीत इतके तास पाय दुमडून बसणं त्यांना शक्य नव्हतं. पुढच्या भागात पलंगासारखी होणारी खुर्ची असते, पण तिचं भाडं ऐकून चाचा पहिल्यांदाच कुणाला तरी म्हणाले होते, "पुन्हा सांगा."

त्यांनी तेवढ्यावर विषय सोडला नव्हता. रस्त्यावरची दुकानाची जागा विकायचं मनात घेतलं होतं. आपांना ते कळलं तेव्हा त्यांनी दोन दिवस भावाशी बोलणं टाकलं. "मी हातानं उभं केलेलं विकून मला अल्लाच्या घरी नेतो काय?" तेव्हापासून घरात मक्केचं नाव निघत नव्हतं. पण दर वर्षी गावातून कुणी ना कुणी निघालं की निरोप घ्यायला आपांकडं यायचं. त्या त्यांच्या डोक्यावरून हात फिरवायच्या, आणि ते गेले की बराच वेळ दोराच्या गाठी सोडून पुन्हा त्याच मारत बसायच्या.

अशात एका विमान कंपनीचा सेल लागला. जितके मैल विकत घ्याल, तितकेच वर फुकट. मी हिशेब मांडला आणि जिन्यावरून जवळजवळ घसरतच खाली आलो. या भावात पुढच्या पलंगाच्या खुर्चीचं जाण्या-येण्याचं तिकीट चाचांनी साठवलेल्या पैशात बसत होतं. दुकान न विकता!

चाचा ऐकत राहिले. सेल हा शब्द आला तशी त्यांची दाढ दुखू लागली.

"म्हंजी मैल विकत घ्यायचे. मग त्या मैलांचं तिकीट घ्यायचं."

"हो."

"सरळ तिकीट का देत न्हाईत?"

"ते महाग पडतं."

"तीच खुर्ची?"

"तीच."

"तेच इमान?"

"तेच."

चाचांनी माझ्याकडं असं पाहिलं की जणू ती कंपनी मीच काढली आहे.

"बरं. खुर्ची दाखवा."

"खुर्ची नंतर बघू. आधी मैल घेऊन ठेवू, सेल संपेल."

"मास्तर, मी ताडपत्री न दाखवता पैसे घेतो?"

टोस्टर डोळ्यांसमोर आला, म्हणून मी मुकाट्यानं मोबाइल उघडला. मक्केजवळच्या जेद्दाहला जाणारं विमान शोधलं. पुढची खुर्ची नाही. दुसरी तारीख टाकली. नाही. त्याच्या पुढचा आठवडा. नाही. चाचा माझ्या खांद्यावरून बघत होते. "दुकानात माल न्हाय आन् बाहेर सेलचा बोर्ड." त्यांचं समाधान झाल्यासारखं दिसलं.

तरी ते एवढ्यावर थांबले नाहीत. त्यांना धंद्याचं कुतूहल होतं. मला कंपनीला फोन लावायला लावला आणि स्पीकर चालू करायला सांगितला. पलीकडून एक मुलगी गोड हिंदीत बोलली. चाचांनी आधी तिची ख्यालीखुशाली विचारली, गाव विचारलं, जेवण झालं का विचारलं. ती गोंधळली, पण झालं म्हणाली.

"बेटा, एक बात बताओ. एक पे एक फुकट देते, तो तुम्हारा घर कैसे चलता?"

"सर, ये हमारी प्रमोशनल ऑफर है."

"वो समझा. लेकिन तुम्हारे को परवडता कैसे? नुकसान तो नहीं ना होता किसी का?"

 मग ती मुलगी, बहुधा दिवसभरात पहिल्यांदाच समोरच्या कागदाबाहेरचं बोलली. "सर, सच बताऊँ? बहुत लोग माइल्स लेकर रख देते हैं. यूज़ ही नहीं करते. पड़े-पड़े खत्म हो जाते हैं."

चाचांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. टोस्टरवर भाजलेला ब्रेड मीच त्यांना एकदा नेऊन दिला होता आणि टोस्टरची सगळी कथाही मीच रंगवून सांगितली होती.  

त्यानंतर मी इरेला पेटलो. रोज कॉलेज सुटलं की दुकानात बसायचो आणि मोबाइलवर तारखा चाळायचो. एकीकडं पाणी ओतलं जायचं, दुसरीकडं मी खुर्ची शोधायचो. ट्रकवाले विचारायचे, "सर काय बघतेत?" चाचा सांगायचे, "खाली खुर्ची." ते सहानुभूतीनं मान हलवायचे. त्यांना वाटायचं, माझी नोकरी गेली.

सेलच्या शेवटच्या दिवशी दुपारी ती दिसली. हैदराबादहून जेद्दाह, पुढची एक खुर्ची. परतीलाही एक. दोन्ही तारखा जमत होत्या. मी ओरडलो तसा ताडपत्रीखालून चाचांचा आवाज आला, "गळती लागली का?"

आता फक्त मैल घ्यायचे होते. पैसे होते, खुर्ची दिसत होती, विकणाऱ्याचं नुकसान नाही हेही कळलं होतं. आणि आता चाचा अडून बसले.

"निम्मे मैल फुकटचे हैत मास्तर."

"मग?"

"मक्केला जायचं ते आपल्या कमाईनं. फुकटच्या मालावर आपाला बसवू? ईदला मी सदरा बघून घातला, आन् हितं डोळे मिटू?"

मी हातघाईवर आलो. मशिदीतल्या मौलानांना विचारा म्हटलं. चाचांनी ते आधीच केलं होतं. "ते म्हणाले, विकणारा राजीखुशीनं देतो, काय हरकत न्हाय."

"झालं तर मग!"

"त्यांचं बरोबर हाय. पण ते ताडपत्री विकत न्हाईत."

 माझा आवाज चढला. मी म्हणालो, तुमच्या या तत्त्वापायी आपांची शेवटची संधी जाईल, ही खुर्ची संध्याकाळपर्यंत कुणी तरी उचलेल. चाचांनी सवयीनं चहा मागवला.  सौदा संपला म्हणायची ती खूण होती.

मी चहा तसाच टाकून मागच्या घरात आपांकडं गेलो. चाचाही उठून मागं आले. आपांच्या मांडीवर दोर होता. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. त्यांनी दोर बाजूला ठेवला.

"बेटा, जायला किती मैल लागतेत?"

मी सांगितलं.

"आन् यायला?"

"तेवढेच."

"ह्यो किती विकत घेणार?"

"जायला लागतात तेवढे."

"आन् ते वर किती देणार?"

"तेवढेच... यायला लागतात तेवढे."

आपांनी भावाकडं पाहिलं. लहानपणी पाढा चुकल्यावर बघत असतील तसं.

"मग अडलं कुठं रे? जाताना आपले, येताना त्यांचे."

चाचा विचारात पडले. "आन् येताना फुकट चालतं?"

"येताना काय, घरीच यायचंय. आळंद रोडला तुझी गाडी बंद पडली आन् ट्रकवाल्यानं घरापर्यंत सोडलं, तवा उतरला होतास का खाली?"

चाचा उभ्या उभ्या हसायला लागले. इतके हसले की टोपी काढून डोळे पुसले. वाणिज्य विषयात मी इतकी वर्षं घालवली, पण एका व्यवहाराचे असे दोन चोख तुकडे झालेले पुन्हा पाहिले नाहीत.

मात्र चाचा शेवटी चाचाच. त्यांनी अट घातली : जायचं तिकीट वेगळं आणि आधी. यायचं वेगळं आणि नंतर. दोन्ही एकत्र काढली तर मैलांची सरमिसळ होईल. मी म्हणालो, कंपनीच्या कॉम्प्युटरला विकतचे कुठले आणि फुकटचे कुठले ते कळत नाही. ते म्हणाले, "त्याला नसंल कळत. आपल्याला कळतं ना?"

मैल घेतले. जायचं तिकीट काढलं. यायचं काढताना पान फिरतच राहिलं, फिरतच राहिलं. माझा जीव टांगणीला. परतीची ती एकच खुर्ची मधल्या मध्ये कुणी घेतली तर? चाचा निवांत होते. "जायचं झालं ना? मग बास. यायचं तिथून बघू." शेवटी तेही झालं. मी विजयानं तिकीट त्यांना दाखवलं, आणि त्यांनी चष्मा लावून पहिलीच ओळ वाचली. घाईघाईत मी आपांच्या नावापुढं श्रीयुत निवडलं होतं. सरकारी पासपोर्टवर बाई, तिकिटावर बुवा. दोन्ही तिकिटांवर.

मी कपाळाला हात लावला. फोन करा, दुरुस्ती मागा, सगळं आलं. चाचांनी मात्र तो मोबाइल आपांसमोर धरला. "आपा, ह्ये बघ. मास्तरनं तुला बाप्या केलंय." आणि मग माझ्याकडं वळून म्हणाले, "लई चूक न्हाय झाली मास्तर. बाप बी तीच होती."

ती दुरुस्ती झाली. चाचांनी स्वतःसाठी मागच्या भागातलं साधं तिकीट रोख पैसे देऊन काढलं. मी म्हटलं, तुमच्यासाठीही काही जमतं का बघू? "माझ्या गुडघ्यांना काय झालंय?" एवढंच म्हणाले.

निघायच्या आधी घरोघरी जाऊन माफी मागायची रीत आहे. बोललं-चाललं, चुकलं-माकलं माफ करा म्हणायचं आणि मोकळ्या मनानं निघायचं. चाचांनी ती रीत अशी पाळली की उमरग्यात आजही सांगतात. शेजारच्या पंक्चरवाल्यापासून सुरुवात केली. आडतवाले, पेट्रोलपंपावरची पोरं, बौद्ध वस्तीतले त्यांचे शाळासोबती, डॉक्टर, हॉटेलवाला. ट्रकवाल्यांना तर रस्त्यात हात करून थांबवत. प्रत्येकाचे दोन्ही हात हातात घेत. "काय चुकलं असंल तर माफ करा. कधी जोरात बोललो असंल, माफ करा." समोरचा गहिवरायचा. आणि मग चाचा हात न सोडता म्हणायचे, "सूट दिली न्हाय, त्याची माफी मागत न्हाय बरं का. ते बरोबरच होतं."

हॉटेलवाला म्हणाला, "चाचा, तेवढंच एक तर तुमचं चुकलंय!" सगळं हॉटेल हसलं. चाचाही हसले, पण शब्द मागं घेतला नाही.

सगळ्यात शेवटी माडीवर आले. माझ्या खोलीत ते कधी येत नसत, भाड्यानं दिलेली खोली भाडेकरूची म्हणून. त्या दिवशी दारात उभे राहून आधी विचारलं, "येऊ का?" माझे हात हातात घेतले. त्यांच्या तळव्यांना ताडपत्रीचा वास होता.  मी म्हटलं, "मी काय माफ करणार चाचा? मी तर तुमच्या घरात वाणिज्य शिकलो." ते म्हणाले, "मग पोरांना शिकवा आता."

हैदराबादच्या विमानतळावर मीच सोडायला गेलो. आपा जीपच्या मधल्या सीटवर पाय लांब करून, चाचा पुढं, मी मागं सामानात. विमानतळावर चाकांच्या खुर्चीतून आपांना एक माणूस कुठल्या तरी वेगळ्या, रिकाम्या दारानं झपझप घेऊन गेला. चाचा लांबलचक रांगेत उभे राहिले आणि टाचा उंचावून ती खुर्ची दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले.

मी बाहेरच थांबलो. विमान सुटल्याशिवाय पाय निघेना. तज्ज्ञ मीच होतो ना! मनात एकेक शंका येत होती. ती खुर्ची खरोखरच आडवी होते का? मी तरी कुठं कधी तिच्यात बसलो होतो? फोटो पाहूनच तर सगळं सांगितलं होतं. खुर्ची बिघडलेली निघाली तर? अर्ध्यावरच अडली तर?

बऱ्याच वेळानं फोन वाजला. आपा होत्या. आवाज अगदी हळू, मशिदीत बोलावं तसा.

"मास्तर, बेटा... पाय लांब झाले."

"पूर्ण?"

"पूर्ण. एक पोरगी आली, तिनं बटन दाबून दाखवलं. पायाखाली उशी दिली. उडताना सरळ बसायचं म्हणे थोडा येळ, मग पुन्हा लांब." मग म्हणाल्या, "त्याला तू सांग. मी फोन लावत न्हाय. लावला तर पडदा सारून पळत पुढं येईल, लोकांत हसं व्हायचं."

मी फोन ठेवतो न ठेवतो तोच चाचांचा आला. मागं लहान मुलांचं रडणं, बॅगा कोंबल्याचे आवाज.

"मास्तर, आपाचा फोन आलता का? मी लावत न्हाय, पडली असंल तर उठायची. मधी पडदा हाय, काय दिसंना."

"आला होता चाचा. पाय लांब झाले."

"पूर्ण?"

"पूर्ण."

  फोन बंद झाला असं वाटलं, पण तो चालूच होता, ते बंद करायचं विसरले होते. थोड्या वेळानं त्यांचा आवाज ऐकू आला. शेजारच्या प्रवाशाला सांगत होते.

"भाई, वो परदा दिखता ना? उसके आगे मेरी आपा है. पाँव लंबे करके जा रही."

शेजारी काही तरी म्हणाला. तेवढ्यात कुणी बाई फोन बंद करा म्हणत आली. चाचांनी बहुधा तिलाच थांबवलं असावं. भरात पुढचं वाक्य मराठीतच निघालं आणि अख्ख्या मागच्या भागाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं होतं :

"व्हय, करतो बंद. पण आधी ऐका, पुढं माझी बहीण हाय! झोपून चाललीया!"